डायर्स रोचा जीर्णोद्धार आणि माझं 'नको'

डायर्स रोच्या कमिटीवर जायला मी नको म्हणालो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. एकदा नाही, चांगला तीनदा म्हणालो. पण माझी बायको वरदा पुन्हा म्हणाली, "अहो, जा हो! रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात बसून माझ्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावताय. मला हिंग सापडत नाही." तेव्हा कुठे मी गेलो.

आग्रहाशिवाय काहीही स्वीकारायचं नाही, असं आमच्या नाशिकच्या घरातलं वळण. पंगतीत पोळी वाढायला आले की आधी 'नको' म्हणायचं, मग 'अहो, खरंच नको', मग 'बरं, अर्धी', आणि शेवटी दोन खायच्या. यात समोरच्यानेही आपलं काम करायचं असतं. इंग्लंडमध्ये समोरचा ते करत नाही. उभी हयात इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात गेली, पण अजूनही कोणी "केक?" असं विचारलं की माझ्या तोंडून "नो, नो" निघून जातं, आणि केकही निघून जातो. दुसऱ्यांदा विचारायची पद्धतच नाही. माझ्या रिटायरमेंटच्या पार्टीत माझं नाव लिहिलेला केक माझ्याशिवाय सगळ्यांनी खाल्ला. घरी येऊन मी दहीभात खाल्ला आणि झोपलो.

तर डायर्स रो. शहराचं नाव सांगत नाही, कारण मला अजून इथेच राहायचंय. कॉव्हेंट्री आणि लेस्टरच्या मध्ये कुठेतरी, असं समजा. जुन्या काळी इथे लोकर निळी रंगवायचे. काळ्या लाकडी चौकटींची वाकडीतिकडी घरं एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी आहेत आणि खाली दुकानं. निम्म्यांची शटर्स कायमची खाली. उरलेल्यांत मधोमध वरदाचं दुकान. पँटी आखूड करणं, झिप बदलणं, पडदे शिवणं आणि आमच्या मराठी मंडळातल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको. वरदा या देशात 'डॉक्टरांची मिसेस' म्हणून आली आणि पुष्कळ वर्षं तेवढीच राहिली. मुलगी तनया युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिने हट्टाने हे दुकान घेतलं. आता डायर्स रोवर मला कोणी डॉक्टर म्हणून ओळखत नाही. तिथे मी 'वरदाज हजबंड' आहे. याचं मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. असो.

या गल्लीचा कायापालट करायचं ठरलं. सरकारी निधी आला, त्यामागे कौन्सिल आलं, त्यामागे एक डेव्हलपर आला, आणि सगळ्यांनी मिळून 'समाजाचा आवाज' हवा असं जाहीर केलं. दुकानदारांना दुपारच्या मीटिंगा परवडेनात, कारण ते दुकानदार होते. म्हणून समाजाचा आवाज मी झालो. वरदाने दारात उभं करून मला बजावलं, "एकच वाक्य बोलायचं. काम झालं की आम्हाला आमची जागा परत पाहिजे. दुसरं काही बोलू नका. भूल द्यायच्या आधी पेशंटला सांगायचात ना, तसले जोक तर अजिबात नको."

मी टाय लावून गेलो.

कमिटीची सूत्रं इमोजेनकडे होती. ही कौन्सिलची बाई. तिचा हुद्दा 'प्लेसमेकिंग लीड', म्हणजे जी जागा पाचशे वर्षं तिथेच आहे ती नव्याने घडवण्याची जबाबदारी तिच्यावर. डेव्हलपरकडून रूपर्ट. वय तिशीच्या आतबाहेर, महागडे बूट आणि मोजे नाहीत. आमच्या निफाडकर आडनावाला पहिल्याच दिवशी घाव घालून त्याने मला 'डॉक्टर निफ' केलं. टेबलावर गल्लीचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. त्यातली चिमुकली माणसं लॅपटॉप घेऊन झाडाखाली बसली होती. त्यांच्यात एकही म्हातारं माणूस नव्हतं आणि एकाच्याही हातात भाजीची पिशवी नव्हती. मी तसं म्हणालो. इमोजेनने "सो इंटरेस्टिंग!" म्हणून ते एका पिवळ्या चिकट कागदावर लिहिलं आणि भिंतीला लावलं. मीटिंग संपल्यावर क्लीनरने भिंत साफ केली.

पुढच्या काही महिन्यांत आमची प्रगती अशी झाली. गल्लीचा निळा इतिहास जिवंत व्हावा म्हणून रस्त्याला निळा रंग दिला. पहिल्या पावसात तो निघाला आणि गावभर गेला. आमच्या बेज कार्पेटवर दारापासून संडासापर्यंत माझी निळी पावलं उमटली, लक्ष्मी यावी तशी. मग लोकरीची आठवण म्हणून फायबरग्लासची एक भलीमोठी मेंढी बसवली. तिचं तोंड नदीकडे, आणि पार्श्वभाग ब्रेंडाच्या दुकानाकडे. ब्रेंडा ही वरदाची शेजारीण, चाव्या बनवते आणि बुटांना टाचा लावते. तिने तक्रार केली तेव्हा रूपर्ट म्हणाला, मेंढी फिरवायची तर नव्याने मंजुरी लागेल. ब्रेंडा त्यावर जे म्हणाली ते मी मिनिट्समध्ये घेऊ दिलं नाही.

या मीटिंगांत चहा असायचा आणि लेमन ड्रिझल केक असायचा. तो कसा लागतो हे मला विचारू नका.

आणि मग ती मीटिंग आली. दुरुस्तीसाठी सगळी दुकानं रिकामी करायची होती. वरदाचा सगळा पसारा आमच्या डायनिंग रूममध्ये येऊन पडला होता. इमोजेन म्हणाली, काम झाल्यावर परवडणाऱ्या भाड्याची दोनच दुकानं जुन्या लोकांसाठी राखून ठेवलीयत. एक ब्रेंडाने घेतलंय. मग माझ्याकडे वळून, मान कलती करून, अगदी गोड आवाजात तिने विचारलं, "डॉक्टर निफ, दुसरं वरदाला आवडेल का?"

आता बघा. ज्या वाक्यासाठी मी इतके महिने टाय लावत होतो ते माझ्या घशाशी होतं. पण सगळ्यांच्या देखत, इतक्या चांगल्या आवाजात, एवढी मोठी गोष्ट कोणी पुढे केली, तर एकदम 'हो' म्हणायचं? हावरटासारखं? मी हात जोडून म्हणालो, "नो, नो, प्लीज. आधी बाकीच्यांचं बघा."

आणि पुढच्या 'अहो, असं कसं, घ्याच' ची वाट बघत बसलो.

इमोजेनने छातीवर हात ठेवला. "दॅट इज सो जेनरस," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. मग सायकल स्टँडचा विषय निघाला. मी मनात म्हटलं, सायकल स्टँड झाला की विचारतील. मग टांगत्या कुंड्यांचा विषय झाला. मी मान पुढे काढून बसलो, चेहऱ्यावर 'अर्धी चालेल' असे भाव आणून. कोणी बघितलं नाही. 'आणखी कोणाला काही?' वर मी घसा खाकरला, तर रूपर्टने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पाणीसुद्धा मी नको म्हणालो.

घरी वरदाने विचारलं, "विषय निघाला का?" मी म्हणालो, "निघाला होता." हे खोटं नव्हतं.

डायनिंग रूममध्ये आता तिचं दुकान चालू झालं होतं. मी सकाळी ड्रेसिंग गाऊनमध्ये चहा घेत असताना अनोळखी गोरे पुरुष आत येऊन "मॉर्निंग, मेट" म्हणत खालच्या बाथरूममध्ये पँट बदलायचे. माझ्या खुर्चीवर गावच्या फुटबॉल टीमच्या चड्ड्या. समोरच्या घरातल्या बाईंना खिडकीतून एवढंच दिसायचं, की पुरुष येतायत, आणि पट्टा सारखा करत बाहेर पडतायत. त्यांनी कळवलं. कौन्सिलच्या दुसऱ्या खात्याचा माणूस दारात आला, की निवासी घरात विनापरवाना धंदा चालतो अशी तक्रार आहे. एका खात्याने दुकान उठवून घरात पाठवलं आणि दुसरं खातं घरातून उठवायला आलं! मी हे त्याला तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, ती वेगळ्या मजल्यावरची माणसं आहेत. जाताना त्याने वरदाकडून पँटची उसवलेली शिवण घालून घेतली आणि महिनाभराची मुदत दिली.

मग कौन्सिलचा न्यूजलेटर आला, घराघरांत. पहिल्याच पानावर हात जोडलेला माझा फोटो. मथळा होता, 'स्थानिक डॉक्टरांनी इतरांसाठी सोडली जागा'.

वरदाने तो वाचला. परत वाचला. चष्मा काढून पुसला. ती चिडली की मला 'अहो' म्हणत नाही, 'डॉक्टर' म्हणते.

"डॉक्टर, त्यांनी विचारलं होतं?"

"विचारलं म्हणजे... एकदाच विचारलं."

"आणि तुम्ही?"

"अगं, मला वाटलं पुन्हा विचारतील."

तिने हातातला फुटबॉलचा शर्ट घडी घालून ठेवला आणि वर गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. जिन्यावर थांबून मात्र म्हणाली, "आख्ख्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट माझी होती हो." त्या वाक्याने माझं जेवण गेलं. मला खरोखर स्वतःची लाज वाटली.

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. मंडळाचा माजी अध्यक्ष रवी, हा बर्मिंगहॅमच्या बँकेतून रिटायर झालेला आणि सगळ्या विषयांतला जाणकार, फोनवर म्हणाला, "शश्या, तू आता मोठा राग धर. कमिटीचा राजीनामा दे. बघ कसे धावत येतात मनधरणीला!" मी राजीनामा दिला. इमोजेनचं उलट टपाली उत्तर आलं, 'संपूर्णपणे समजते, आणि तुमच्या योगदानाबद्दल आभार.' रवीला कळवलं तर तो म्हणाला, "अरे, खरंच कशाला द्यायचा?"

तनयाने बर्मिंगहॅमहून व्हिडिओ कॉल केला. ती इथेच जन्मलेली, ऑफिसात लोकांना ठामपणे कसं बोलावं हे शिकवते. "बाबा, तू का नो म्हटला? यू वॉन्टेड इट! सिंपल गोष्ट आहे, तुला हवी तर यस म्हणायचा."

"अगं, तसं एकदम बरं दिसत नाही."

"कोणाला बरी दिसत नाही? आईचा दुकान गेली ना!"

तिच्या मराठीतली लिंगं कुठेही गेली तरी मुद्दा नेमका लागला.

मी इमोजेनला भेटायला गेलो. ती सोमवारी घरून काम करते, मंगळवारी 'साइटवर' असते आणि बुधवारी कोणालाच माहीत नसतं. शेवटी गाठलीच. मी म्हणालो, माझा नकार हा नकार नव्हता, ती सुरुवात होती. तिने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "पण ते रेकॉर्डवर आहे, डॉक्टर निफ. आणि ती जागा आता एका रोमांचक ब्रँडला देतोय." रोमांचक ब्रँड म्हणजे रूपर्टच्या गर्लफ्रेंडचं सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान. एका मेणबत्तीच्या किमतीत वरदा आख्ख्या घराचे पडदे शिवून देते. "पण एक आनंदाची बातमी," इमोजेन म्हणाली. "उद्घाटनाला मेयर तुमचा सत्कार करणार आहेत. 'कम्युनिटी चॅम्पियन'. पितळी पाटी!"

मी म्हणालो, "नको, नको, सत्कार कशाला."

आणि बघा, नेमका या एका बाबतीत तिने आग्रह केला.

उद्घाटनाच्या दिवशी गल्ली नटली होती. टांगत्या कुंड्या, बासरीवाला, मेंढीच्या गळ्यात रिबन. कोपऱ्यावर एक गाडी लावून कोणी 'स्ट्रीट फूड' म्हणून समोसा विकत होतं, एक समोसा दोन तुकडे करून, दगडी पाटीच्या तुकड्यावर ठेवून. वरदा येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. गळ्यात मापाची टेप तशीच, बांगडीत सेफ्टी पिना. ब्रेंडाच्या शेजारी, मेंढीच्या मागच्या बाजूला उभी राहिली. तिची सगळी गिऱ्हाइकं होती. फुटबॉल टीम होती. ते तक्रारीचे साहेबही होते, शिवण घातलेल्या पँटीत. रवी मंडळाची माणसं घेऊन आला होता, सत्कार आपल्या माणसाचा म्हणून.

मेयरबाई ठेंगण्या, हसऱ्या, गळ्यात सोन्याची साखळी. त्यांनी माझ्या त्यागाचं वर्णन केलं. आजकाल जो तो स्वतःचं बघतो, पण डॉक्टरांनी स्वतःच्या पत्नीचं दुकान समाजासाठी सोडलं, असं म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा बिचकत, वरदाकडे बघत. पाटी माझ्या हातात आली. चांगली जड होती. मग मेयरबाई माइकवर म्हणाल्या, "डॉक्टर, हे शहर तुमचं ऋणी आहे. तुमच्यासाठी आम्हाला काहीही करता आलं, तर फक्त सांगा."

इथे एक सांगायला पाहिजे. आमच्याकडे 'नको' म्हणजे जसं नको नसतं, तसंच इकडे 'काहीही सांगा' म्हणजे काहीही सांगायचं नसतं. ते नुसतं म्हणायचं असतं. पण संधी होती. माइक होता, मेयर होत्या, गाव होतं. मी वरदाकडे पाहिलं. श्वास घेतला. तोंड उघडलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "नो, नो. नथिंग. प्लीज."

देवाशप्पथ सांगतो, मी नाही म्हणालो. ते आपोआप आलं.

मेयरबाई हसून वळल्या. इमोजेन कात्री घेऊन रिबनकडे निघाली. तेवढ्यात मेंढीच्या मागून आवाज आला, "एक्स्क्यूज मी! त्यांना परत विचारा."

वरदा पुढे आली. "मॅडम, मेयर, हे माझे हजबंड आहेत. आमच्यात पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणतात. दुसऱ्यांदाही नाही म्हणतात. तो मॅनर्सचा भाग आहे. तिसऱ्यांदा खरं बोलतात. तुम्ही एकदाच विचारलंत. आमच्याकडे हा पाहुण्याचा अपमान असतो."

मेयरबाईंनी इमोजेनकडे पाहिलं, इमोजेनने रूपर्टकडे, आणि रूपर्टने आपल्या मोजे नसलेल्या पायांकडे. पाहुण्याचा अपमान, तोही माइकवर, म्हटल्यावर इंग्रज माणूस हादरतो.

"गो ऑन, आस्क हिम अगेन!" ब्रेंडा ओरडली.

मेयरबाईंनी माइक धरला. "डॉक्टर, खरंच, काही करू शकतो का आम्ही?"

माझे कान तापले होते. सगळं गाव बघत होतं. मी म्हणालो, "अहो, खरंच नको."

"अगेन!" फुटबॉल टीम ओरडली. आमच्या मंडळाच्या बायका तर पदर खोचून पुढे आल्या. पंगतीत पोळी वाढायचा त्यांचा सराव दांडगा. "अहो, घ्या हो डॉक्टर! संकोच कसला!" आख्खी डायर्स रो आग्रहाला लागली. एवढा आग्रह मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

"डॉक्टर," मेयरबाई म्हणाल्या, आता त्यांनाही मजा येत होती, "आय इन्सिस्ट."

"बरं," मी म्हणालो. "एक लहानसं दुकान चालेल. पँटी आखूड करण्यापुरतं."

जो गलका झाला! रूपर्ट पुढे येऊन म्हणाला, जागा दिलेली आहे, करार प्रक्रियेत आहे. मेयरबाईंनी विचारलं, "सही झालीय?" रूपर्टने पुन्हा बुटांकडे पाहिलं. ब्रेंडाने गळ्यातल्या दोरीला लटकलेली चावी वर धरली आणि म्हणाली, "नव्या कुलपाच्या चाव्या मीच बनवल्यात. न्यायला कोणी आलेलं नाही." आणि ती चावी तिने वरदाच्या हातात ठेवली. वरदा एकदासुद्धा 'नको' म्हणाली नाही. मूठ मिटली आणि सरळ "थँक यू" म्हणाली.

पुढच्या न्यूजलेटरात मथळा होता, 'कौन्सिलने ऐकला समाजाचा आवाज'. फोटोत इमोजेन, मेयर आणि मेंढी. वरदा कोपऱ्यात अर्धी आलीय. मी नाहीच. मेणबत्त्यांना दुसरी जागा मिळाली, आधीच्यापेक्षा मोठी. त्याची काळजी कोणी करू नये. भाडं 'परवडणारं' आहे, असं ज्यांना ते भरायचं नाही ते सगळे सांगतात. पण दुकान चालू आहे. दाराच्या वर माझी पितळी पाटी लावलीय, 'डॉ. निफाडकर, ज्यांनी ही जागा सोडली'. गिऱ्हाइकं वाचतात आणि मला श्रद्धांजली वाहिल्यासारखं बघतात.

वरदाने मला माफ केलं, असं मी धरून चाललो होतो. दुकान उघडलं त्या संध्याकाळी तिने पुरणपोळ्या केल्या. मला दोन वाढल्या, वर तुपाची धार. मी खाल्ल्या. मग तिने डबा हातात घेऊन विचारलं, "अहो, अजून एक वाढू?"

मी म्हणालो, "नको."

"बरं," ती म्हणाली. डब्याला झाकण लावलं, फ्रिजमध्ये ठेवला, आणि दिवा मालवून टीव्ही बघायला गेली. मी ताटावर बसून राहिलो. येईल, म्हटलं, पुन्हा विचारेल.